बुंद्या कुणाच्या हातचं खातो

एकतीस वर्षं मी बीड जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर होतो आणि या एकतीस वर्षांत मला एकही चावणारं कुत्रं भेटलं नाही. हे माझं म्हणणं नव्हे, मालकांचं. "सायेब, बिनघोर या. लई गरीब हाय ते." हे वाक्य ऐकून मी अंगणात शिरलो आणि सात वेळा चावून घेतलं. सातही वेळा मालकाला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. एकाने तर माझ्या पोटरीकडे बघत मलाच विचारलं, "तुमी त्याला काय म्हनलात का?"

तसं आमचं काम गाई-म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्यांचं. अडलेली गाय सोडवायची, लाळ-खुरकतीच्या लशी टोचायच्या, फुगलेल्या म्हशीच्या पोटातला वारा काढायचा. कुत्र्यांची गाठ पडायची ती वर्षातून एकदा, पिसाळण्याच्या लशीचं शिबिर लागलं की. शाळेच्या पटांगणात टेबल मांडून बसायचं आणि गावानं आपापली कुत्री घेऊन यायचं. या शिबिरात माझा एकच नियम होता. सुई मी धरणार, कुत्रं मालकानं धरायचं. मालकाच्या हातात तोंड असलं की कुत्रं सहसा हलत नाही. आणि त्या अर्ध्या मिनिटात त्या दोघांचं आपसात कसं आहे, ते सगळं कळतं. गावातल्या एका पैलवानानं आपलं दांडगं कुत्रं असं ऐटीत धरलं होतं की पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी सुई बाहेर काढली आणि पैलवान जागच्या जागी आडवे झाले. कुत्रं शांतपणे लस टोचून घेत त्यांचं तोंड चाटत होतं.

पाटोद्याला एक किराणा दुकानदार होते, शंकराचे मोठे भक्त. सोमवारी घरात चूल उशिरा पेटायची. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात राहून राहून हा पण सोमवार धरतो. दिवसभर भाकरीला तोंड लावत नाही," असं ते आपल्या कुत्र्याकडे बोट दाखवून मला आणि गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत. मी त्याच बाजारात जेवायला जायचो. दर सोमवारी दुपारी ते कुत्रं समोरच्या खानावळीच्या मागं मटणाची हाडं फोडत बसलेलं मला दिसायचं. मी कधी सांगितलं नाही. दोघांचा एकमेकांवर विश्वास होता, मधे मी कशाला पडू?

मला मात्र एवढं सगळं कळतं असा माझा समज होता. त्याला कारणही होतं. आमच्या घराण्यात दहावीची पायरी ओलांडणारा मी पहिला. पाटोद्याच्या शाळेत शिकलो, मग परभणीला जाऊन पदवी घेतली. आईला शेवटपर्यंत ती पदवी नीट सांगता आली नाही. "माझं लेकरू मुक्या जनावराचं ऐकतंय," एवढंच ती लोकांना सांगायची. त्या वाक्याची मला फार लाज वाटायची, आणि आता फार आठवण येते. बुंद्याच्या वेळी तर मी त्या वाक्याला अगदीच जागलो नाही.

गाव चकलांब्याच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण ज्या जावयाची ही हकिकत आहे ते अजून त्या गावी येतात. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तिथला दवाखाना माझ्याकडे होता. गावाबाहेर खंडूआप्पाची वस्ती होती. खंडूआप्पा मेंढपाळ. साठेक मेंढरं, बायको गयाबाई आणि बुंद्या. बुंद्या म्हणजे कुत्रा. अंगभर पिवळे ठिपके, जणू कुणी बुंदी उधळलीय, म्हणून बुंद्या. नाव गोड, पण मेंढरांजवळ परका माणूस आला की बुंद्या असा काही बघायचा की माणूस आपोआप पत्ता विचारून परत फिरायचा. त्या माळावर लांडगे आहेत. बुंद्या आल्यापासून खंडूआप्पाचं एकही कोकरू गेलं नव्हतं. शिबिराच्या दिवशी मात्र खंडूआप्पा दर वर्षी मेंढरं घेऊन लांब चरायला गेलेला असायचा, त्यामुळे बुंद्याला लस टोचलेली नव्हती. हे पुढं महत्त्वाचं आहे.

धोंड्याचा महिना चालू होता. आपल्याकडे अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारशांचं वाण, नवीन कपडे, बसायला खुर्ची आणि खुर्चीवर टर्किशचा टॉवेल. गावातले बबननाना मोठे शेतकरी. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला दिलेली. जावई कंपनीत नोकरीला, स्वभावानं फार सालस. मंगळवारी सकाळी ते पाय मोकळे करायला माळाकडे गेले. तिथं खंडूआप्पाची मेंढरं चरत होती. त्यातलं एक चार दिवसांचं कोकरू त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते छातीशी धरलं, मोबाइल वर केला आणि फोटोसाठी हसले.

तो फोटो मी नंतर पाहिला. जावई हसताहेत, कोकरू कावरंबावरं झालंय आणि खालच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका हवेत आहे.

मला बोलावणं आलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. माझ्यासोबत आमच्या दवाखान्याचे परिचर चाँदभाई होते. जनावर धरण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता. आम्ही पोचलो तर वस्तीवर सगळं गाव. बुंद्याला लांबून फास टाकून पकडलेलं, गोठ्यात साखळीनं बांधलेलं, आणि बाहेर चार जण काठ्या घेऊन उभे.

"कावून थांबायचं?" बबननाना कडाडले. "एकच रट्टा, अन् इषय संपला!"

"नाना, जावयांना इंजेक्शन दिलं का?"

"दिलं की. जखम साबनानं धुतली, दवाखान्यात नेलं, पैली सुई झाली."

"मग सगळ्यात चांगलं काम तुम्ही केलंत. आता दुसरं चांगलं काम म्हणजे कुत्र्याला हात लावू नका."

मग मी सगळ्या गावाला समजावलं, ते तुम्हालाही सांगतो, कारण हे माहीत नसल्यानं फार अनर्थ होतात. कुत्रं चावलं की माणसानं लगेच जखम धुवायची आणि लस सुरू करायची. आणि कुत्र्याला मारायचं नाही, दहा दिवस नजरेसमोर ठेवायचं. चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत रोग असेल, तर दहा दिवसांच्या आत ते कुत्रं आजारी पडून मरतं. दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल तर माणसाला त्या चाव्यापासून धोका नाही. म्हणजे जिवंत कुत्रं हाच जावयाचा दाखला. मारून टाकलं तर दाखलाच फाटला.

"दहा दिवस माझी जबाबदारी," मी म्हणालो. पदवीधर माणसाला अशी वाक्यं सुचतात.

आता खंडूआप्पा कुठं होता? तो त्या दिवशी सकाळीच बीडला गेला होता. पोटात दुखतंय, दाखवून सांजच्याला माघारी येतो, असं म्हणून गयाबाईला घेऊन गेला. तिथं डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि सांगितलं की हर्निया आहे, आतडं अडकलंय, आजच ऑपरेशन. मेंढरं सांभाळायला त्याचा मेहुणा मारुती आलेला. हा मारुती दुसऱ्या गावचा. त्याला मेंढरं कळायची, पण बुंद्याशी त्याची ओळख नव्हती. चाव्याचं ऐकून तो रडकुंडीला आला होता.

"दाजीला फोन लावू का सायेब?"

"अजिबात नको," मी म्हणालो. "माणूस ऑपरेशनच्या टेबलावर आहे. त्याला यातलं काही कळता कामा नये."

सगळ्यांनी माना हलवल्या. किती समजूतदार साहेब, असं कुणीतरी म्हणालंही. सगळा घोळ झाला तो या समजूतदारपणानंच.

मंगळवारी संध्याकाळी मारुतीनं बुंद्यापुढं भाकरी टाकली, पातेल्यात पाणी ठेवलं. बुंद्यानं एकदा वास घेतला आणि तोंड फिरवलं. बुधवारी सकाळी मी गेलो तर भाकरी तशीच, तिच्यावर मुंग्या. पाणी तसंच. चाँदभाईंनी ताजं पाणी ठेवलं. बुंद्या गुरगुरला आणि मागं सरकला.

गोठ्याच्या दारात पन्नास माणसं होती. एक म्हातारा म्हणाला, "पान्याला भेतंय."

बस. ते दोन शब्द त्या गावात वणव्यासारखे गेले. वास्तविक पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भीत नाही, त्याचा घसा लुळा पडतो म्हणून त्याला गिळता येत नाही. मी हे सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मंग याला तरी कुठं गिळाया येतंय?"

आणि मग सुरू झाली जत्रा. बुंद्याला पाणी पाजण्यासाठी सगळं गाव कामाला लागलं. कुणी दूध आणलं, कुणी ताक, कुणी उसाचा रस. शाळेच्या मास्तरांनी तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणलं, ते म्हणे पचायला हलकं असतं. एका माउलीनं तर रसना करून आणलं. बुंद्या प्रत्येकाकडे बघून गुरगुरायचा, मग मान वळवून वस्तीकडे येणाऱ्या पायवाटेकडे बघत बसायचा. सलाईन लावावं म्हटलं तर जवळ कोण जाणार? आभाळ भरलेलं होतं, हवेत गारवा होता, म्हणून ते जनावर तग धरून होतं.

तिकडे बबननानांच्या घरी जावयांची वेगळीच तऱ्हा. कुत्रं पाणी पीत नाही हे कळल्यापासून ते तासातासाला एक ग्लास पाणी पिऊन बघत होते. मुलगी मोबाइलचा गजर लावून बसली होती. गजर झाला की सगळं घर ओसरीवर गोळा व्हायचं, जावई ग्लास तोंडाला लावायचे, सासूबाई हात जोडायच्या, आणि शेवटचा घोट गेला की नाना ओरडायचे, "पिले! पिले!" मी त्यांना सांगितलं की इतक्या लवकर काही होत नसतं आणि तुम्ही लस घेतलीय. ते म्हणाले, "हो डॉक्टर, पटतंय," आणि पुढचा ग्लास मागवला.

संध्याकाळी सासूबाईंनी शेवटचा उपाय म्हणून ताटभर धोंडे पाठवले. तुपात तळलेले, आत पुरण, वेलदोड्याचा वास वस्तीभर. चाँदभाईंनी काठीनं ताट आत सरकवलं. बुंद्यानं ताटाकडे बघितलं. खाल्लं नाही. पण त्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी लाळेच्या तारा लोंबायला लागल्या.

"लाळ!" गाव ओरडलं. "लाळ गळतीय!"

आता मी प्रामाणिकपणे लिहितो. त्या क्षणी माझाही धीर सुटला. खात नाही. पाणी पीत नाही. लाळ गळते. माणसांवर धावून येतो. आणि लस टोचलेली नाही. परभणीला आमच्या सरांनी फळ्यावर लिहिलेली यादी डोळ्यांसमोर उभी राहिली आणि मी एकेका ओळीसमोर खूण करत गेलो. ताटातल्या धोंड्यांच्या वासानं माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं, पण ती गोष्ट मी त्या यादीत धरली नाही.

गुरुवारी सकाळी नानांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली होता. माणूस वाईट नव्हता, लेकीच्या काळजीनं दोन दिवसांत वाळला होता.

"डाक्टर, तुमचा मान राखला. पन पोरगी माझी एकुलती एक हाय. कुत्रं पिसाळलंय ते दिसतंय. उद्या साखळी तुटली अन् कुनाच्या लेकराला धरलं तर? आज दिवस मावळायच्या आत त्यानं पानी पिलं तर ठीक. न्हाईतर आमचं आमी बघू."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? माझ्याच मनात दहा आणे खात्री झाली होती. बुंद्या गेला, तर खंडूआप्पा दवाखान्यातून येऊन कुणाच्या भरवशावर माळावर मेंढरं बसवणार, हा विचार आला आणि मी तो बाजूला सारला.

दुपारी बारा वाजता मारुतीचा फोन वाजला. खंडूआप्पा. ऑपरेशन चांगलं झालं होतं, आवाजात जीव आला होता. मारुती माझ्याकडे बघायला लागला. मी खूण केली, काही सांगू नको. त्यानं फोनचा आवाज मोठा केला.

"मेंढरं कशी हायती?"

"बरी हायती दाजी."

"अन् बुंद्या? कसा हाय?"

मारुतीनं फोन तोंडापासून लांब धरला. तेव्हा मी पुढं झालो आणि फोन हातात घेतला. आजाऱ्याला धीर द्यावा, एवढंच माझ्या मनात होतं.

"खंडूआप्पा, मी डॉक्टर बोलतोय. सहज आलो होतो. बुंद्या मजेत आहे. आत्ताच माझ्यासमोर दोन भाकरी खाल्ल्या, वर पाणी प्याला."

मी फोन मारुतीकडे परत द्यायला लागलो.

मग खंडूआप्पा अगदी हळू म्हणाला, "सायेब, कवा मेला वो?"

"काय?"

"बुंद्या. कवा मेला? तुमी मोठी मानसं, मला सांगाया जड जातंय तुमाला. पन तो माझ्याबिगर कुनाच्या हातचं खात न्हाई. गयाच्या बी न्हाई, म्हनून तर सुदीवर आलो तसा फोन केला. पिल्लू व्हता तवापासून शिकिवलंय मी. चोरटे भाकरीत औषध घालून कुत्री मारत्यात अन् मेंढरं उचलत्यात, म्हनून. पुढं सोनं टाकलं तरी तोंड लावनार न्हाई तो. पान्याचं बी तसंच. सायेब, दोन भाकरी खाल्ल्या म्हनता तवाच कळलं मला, काय तरी झालंय."

मी आजवर बऱ्याच ठिकाणी तोंडावर पडलो आहे, पण पन्नास माणसांसमोर, फोनचा आवाज मोठा करून, कधी पडलो नव्हतो. आणि मला हसू येत होतं. खरंच हसू. यादीतली एकेक ओळ उलटी होऊन माझ्याकडे दात विचकत होती. खात नाही, कारण शिकवलंय. पीत नाही, कारण शिकवलंय. लाळ गळते, कारण दोन दिवस उपाशी असून समोर तुपातले धोंडे आहेत. धावून येतो, कारण आम्ही सगळे चोर आहोत.

"खंडू!" मी ओरडलो. "जिवंत आहे! बुंद्या जिवंत आहे! खोटं बोललो मी! काहीही खाल्लं नाही त्यानं!"

"खाल्लं न्हाई?" पलीकडून खंडूआप्पा आनंदानं ओरडला. "काईच न्हाई? शाबास रे माझ्या वाघा!"

मागून गयाबाईचा आवाज आला, "अवो, टाके उसवत्याल! वरडू नगा!"

मग सगळी हकिकत सांगितली. खंडूआप्पा म्हणाला, फोन बुंद्याच्या पुढं धरा. चाँदभाईंनी काठीच्या टोकाला फोन बांधून आत सरकवला. "बुंद्या! ए बुंद्या! खा रं बाळा!" बुंद्या ताडकन उठला. शेपटी अशी हलायला लागली की अख्खं अंग तिच्यामागं हलत होतं. त्यानं फोन हुंगला, फोनच्या मागं जाऊन बघितलं, खाली बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे अशा संशयानं बघितलं, जणू आम्हीच खंडूआप्पाला त्या डबीत कोंडलंय. भाकरीला तोंड लावलं नाही ते नाहीच.

"आवाजाचं न्हाई वो, हाताचं हाय," खंडूआप्पा म्हणाला. "मी निघतो. जीप बघतो."

"निघतो म्हने!" गयाबाईनं फोन घेतला. "सायेब, मी काय म्हनते ते ऐका. बीडहून दुपारची येस्टी निघती ती साडेचारला गावात येती. यांच्या हातानं काला मोडून घेते अन् यांच्या मुंडाशात बांधून धाडते. तेवढा फडका पान्यात टाका. यांच्या डोईचा वास आला की तो पिईल."

पुढचं गयाबाईनंच मला नंतर सांगितलं. दवाखान्याबाहेरच्या खानावळीतून तिनं बाजरीच्या चार भाकरी आणल्या. खंडूआप्पाच्या एका हाताला सलाईन होतं, म्हणून दुसऱ्या हातानं तो पलंगावर बसून भाकरी कुस्करत होता. नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला अजून जेवायची परवानगी नाही!" खंडूआप्पा म्हणाला, "माझ्यासाठी न्हाई बाई, पेशंट दुसराच हाय." बाईंनी ऐकून घेतलं आणि शेवटच्या भाकरीला त्या स्वतः मदत करायला लागल्या, तर खंडूआप्पानं त्यांचा हात बाजूला केला. "तुमचा हात लागला तर खायचा न्हाई तो."

साडेचारला गावाच्या फाट्यावर एवढी माणसं होती की ड्रायव्हरनं लांबूनच गाडी हळू केली. त्याला वाटलं रस्ता रोको. कंडक्टर दारात उभा. त्याच्या हातात लाल मुंडाशाचं गाठोडं.

"पेशंटचा डबा कुणाचा?"

"कुत्र्याचा!" पन्नास आवाज आले.

कंडक्टरनं गाठोड्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "काय बे, मी सगळ्या रस्त्यानं मांडीवर घेऊन आलतो!"

"मांडीवर?" मारुती घाबरला. "तुमचा वास तर न्हाई ना लागला?"

वस्तीवर पोचलो. नाना होते. जावई लंगडत आले होते, त्यांच्यासाठी कुणीतरी टॉवेलसकट खुर्ची उचलून आणली होती. चाँदभाईंनी मुंडासं सोडलं, काठीनं आधी फडकंच पाण्याच्या पातेल्यात बुडवलं आणि पातेलं आत सरकवलं. आतला काला हात न लावता कागदासकट काठीनं पुढं लोटला. मग सगळे मागं सरले.

बुंद्या उठला. पातेल्यापाशी आला. वास घेतला. त्याचे कान पडले, आणि त्यानं एक असा बारीक आवाज काढला, जसं लहान लेकरू आई दिसल्यावर काढतं. मग तो पाणी प्यायला. लप लप लप लप. इतक्या शांततेत मी कुणाचं पाणी पिणं कधी ऐकलं नाही. पातेलं रिकामं झालं, तरी तो ओलं फडकं चाटत होता.

"पिला!" खुर्चीवरून जावई ओरडले. उठून उभे राहिले, दुखरा पाय विसरून उड्या मारायला लागले. "पिला! पिला!" नानांनी त्यांना मिठी मारली. चाँदभाईंनी मला मिठी मारली. मास्तरांनी तांब्याचं भांडं वाजवलं. बुंद्यानं एकदा वर बघितलं, ही कसली माणसं म्हणून, आणि काल्यात तोंड घातलं.

त्यानंतर रोज साडेचारला बीडहून काला यायचा. कंडक्टर बदलले, पण प्रत्येकाला गाठोडं कुठं ठेवायचं ते आधीच्यानं सांगितलेलं असायचं. मधल्या दिवसांत एकदा गाडी उशिरा आली तर फाट्यावर बबननाना स्वतः येरझाऱ्या घालत होते.

या सगळ्या आनंदात मला एकच गोष्ट टोचत राहिली. नोकरीच्या पहिल्या वर्षी, पाटोदा तालुक्यात, मेंढपाळाचंच एक कुत्रं असं बांधून ठेवलं होतं. मालक लांबच्या लग्नाला गेलेला. कुत्रं खाईना, पिईना. चौथ्या दिवशी मेलं. मी वहीत लिहिलं, 'पिसाळल्याचा संशय', आणि सही केली. चांगली झोकदार सही, नवीन पदवीची. ते कुणाच्या हातचं खात होतं, हे मी विचारलंच नव्हतं. मुकं जनावर मला काही सांगत होतं का, ते आता कधीच कळणार नाही. बुंद्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक बांधलेल्या कुत्र्याच्या नोंदीत पहिली ओळ तीच लिहायला लावली. कुणाच्या हातचं खातो?

दहाव्या दिवशी खंडूआप्पा जीपमधून घरी आला. अजून चालताना वाकत होता. बुंद्या टाक्यांवर उडी मारेल म्हणून आम्ही साखळी सोडायला नको म्हणत होतो, खंडूआप्पानं ऐकलं नाही, सोडायला लावली. पण बुंद्या धावत आला आणि दोन हातांवर थांबला. खंडूआप्पाच्या पोटाचा वास घेतला. मग अगदी सावकाश त्याच्या पायावर डोकं ठेवून पडला. खंडूआप्पानं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मी लस टोचली. माझा नियम पाळला गेला. दहा दिवस पुरे झाले होते, बुंद्या ठणठणीत होता. जावई सुटले आणि त्यांनी पाणी पिणं थांबवलं.

मी खंडूआप्पाला म्हणालो, "आता एक काम कर. बुंद्याला दुसऱ्या एका हाताचं खायला शिकव. तुला काही झालं तर? पुन्हा असा प्रसंग नको."

खंडूआप्पा विचारात पडला. मेहुणा होता, नाना होते. गयाबाई म्हणाली, "माझ्याकडं बघू नगा, बारा वर्सं भाकरी मी थापते अन् नाव यांचं."

"मंग सायेब, तुमीच," खंडूआप्पा म्हणाला. "तुमी त्याच्यासाठी गावाला थोपवलं."

मी खरं सांगतो, पदवी घेताना जेवढी छाती फुगली नव्हती तेवढी तेव्हा फुगली. सगळं गाव बघत होतं. गयाबाईनं ताजी भाकरी माझ्या तळहातावर ठेवली. खंडूआप्पानं माझ्या हाताखाली आपला हात धरला आणि बुंद्याला म्हणाला, "घे रं. आपले सायेब हायती. खा." मग त्यानं आपला हात हळूच काढून घेतला.

बुंद्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. फोनवर मी काय बोललो होतो ते त्याला माहीत असावं असं मला उगाच वाटलं. मग तो पुढं आला आणि त्यानं माझ्या हातातली भाकरी ओठांच्या टोकानं अलगद उचलली.

"घेतली!" गाव ओरडलं. चाँदभाईंनी टाळी वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बुंद्या भाकरी तोंडात धरून वळला, चार पावलं चालत खंडूआप्पाकडे गेला, ती त्याच्या हातात ठेवली, आणि आता वाढा म्हणून समोर बसला.